यकृताची साक्ष

केळंब्याच्या खाडीवरची दुपारची फेरीबोट त्या सोमवारी सुटली नाही. गाड्या चढून झाल्या होत्या, पलीकडच्या आगरवाडीला निघालेले वऱ्हाड वरच्या बाकांवर स्थिरावले होते, खलाशी दोर सोडण्यासाठी वाकला होता. आणि सारंगाच्या खोलीवरचा दिवा तांबडा झाला. इंजिन आपोआप बंद पडले. सगळ्यांच्या माना त्या दिव्याकडे वळल्या आणि मग खाली, सुकाणूपाशी उभ्या असलेल्या भूषण मयेकरकडे.

बोट चालविणारा सारंग तोच. पंचेचाळिशीचा, उंच, मोजके बोलणारा. त्याचे आजोबा माडावर चढून माडी काढीत, परंतु भूषणच्या ओठांना मद्याचा थेंब लागला नव्हता, हे सारे केळंबे जाणत होते. निदान त्या दुपारपर्यंत जाणत होते.

"सोमवारी तरी दम धरायचा, सारंगानू," वऱ्हाडातून कोणी म्हणाले. "उपास ना तुमचा?"

हशा पिकला. भूषणने मागे पाहिले नाही. त्याचे हात थरथरत होते, कपाळावर घाम डवरला होता आणि पाण्याची बाटली तोंडाला लावून तो घटाघटा पीत होता. पुढच्याच बाकावर मी होतो. त्याला मी शाळेत संस्कृत शिकवले आहे. तो मजजवळ आला.

"गुरुजी, मी प्यायलो नाय," तो हळू म्हणाला. जीभ किंचित अडखळत होती. "पण आता माझं ऐकणार कोण? दिवा बोलला ना."

त्या दिव्याविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. चालकांच्या श्वासाची तपासणी पूर्वीपासून होतीच. परंतु ती काही क्षणांची आणि चुकविता येण्याजोगी. म्हणून शास्त्रज्ञ यकृताकडे वळले. यकृत हा आपल्या देहाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत अबोल कारभारी. अन्नातील साखर साठविणे, भूक लागली की ती मोजून रक्तात सोडणे, साठा संपला तर नवी साखर घडविणे, चरबी जाळणे, अशी शेकडो कामे तो एकाच वेळी पाहतो. मद्यार्क मात्र त्याला कोठेही साठविता येत नाही. तो आला की यकृत हातातली कामे बाजूला ठेवते आणि प्रथम त्याची वासलात लावू लागते. पहिल्या पायरीवर त्याचे एक जहाल विष होते, दुसरीवर ते विष निवून शिरक्याच्या जातीचा निरुपद्रवी पदार्थ होतो. तेवढा वेळ चरबी जळत नाही; ती यकृतातच थराथराने साचते. नवी साखर घडत नाही. शिलकीतली सरली असेल तर रक्तातील साखर घसरते, हात कापतात, शब्द अडखळतात.

आणि याच वेळी यकृत आणखी एक गोष्ट करते, जी प्रथम वाचली तेव्हा मी नकळत हात जोडले होते. ते एक संप्रेरक रक्तात सोडते. संप्रेरक म्हणजे एका अवयवाने दुसऱ्या अवयवाला धाडलेला निरोप. हा निरोप थेट मेंदूपर्यंत जातो आणि सांगतो: आता पुरे; मद्याची आणि गोडाची इच्छा आवर; पाणी पी. ज्याला आपण मुके समजत आलो, तो अवयव अनादी काळापासून आपल्याला बजावत होता.

हा निरोप वाचणारी, रुपयाच्या नाण्याएवढी चकती निघाली. उजव्या बरगडीखाली ती चिकटवायची. त्वचेखालच्या द्रवातील संप्रेरक आणि मद्यार्काचे अवशेष असे दोन्ही वाढले की ती वाहनावरच्या दिव्याला कळवी: हिरवा, पिवळा, तांबडा; तांबडा लागला की इंजिन बंद. लोक तिला 'साक्षी' म्हणू लागले. वैमानिक, बसचालक, सारंग, साऱ्यांना तिचे बंधन झाले, आणि अपघात खरोखरच घटले. माणसाची जीभ फिरते, यकृत फिरत नाही, हे वाक्य मुलांच्या तोंडी बसले.

भूषणची साक्षी वर्षभर हिरवी होती. पावसाळ्यानंतर ती मधून मधून पिवळी होऊ लागली, आणि त्या सोमवारपासून दर सोमवारी दुपारी तांबडी. बोट चालविणाऱ्या संस्थेने त्याला सुकाणूवरून उतरविले.

परंतु सुकाणू हे त्याचे खरे दुःख नव्हते. त्याची पत्नी वैदेही आगरवाडीची. तिचा बाप दारूने गेला. डोळे हळदीसारखे पिवळे आणि पोट घागरीसारखे फुगलेले, असा तो शेवटच्या महिन्यांत ओसरीवर पडून असे आणि रोज सकाळी शपथ घेई. लग्न ठरताना तिने भूषणला एकच अट घातली होती. तो ती वीस वर्षे पाळत आला, अशी तिची श्रद्धा होती.

मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ती अंगणात कोकमे वाळत घालीत होती.

"बसा, गुरुजी. चहा ठेवते."

"चहा राहू दे. तुला काय वाटते, ते सांग."

"मला काय वाटायचं?" तिने सूप खाली ठेवले. "बाप पण डोळ्यांत बघून सांगायचा, प्यायलो नाय म्हणून. मी लहानपणी रोज मानायची. आता पुन्हा मानायचं वय राहिलं नाय."

भूषण दारातच उभा होता. "वैदेही, देवीसमोर सांगू? सात दिवस कडक उपास करतो. भात नाय, मासळी नाय. आठव्या दिवशी देवळात साक्षी लावून उभा राहतो."

तिने त्याच्याकडे पाहिले. "उभे राहा," ती म्हणाली. "आणि तिथं दिवा तांबडा झाला, तर मी माझ्या भावाकडे जाईन. मग मला बोलवायला येऊ नका."

सात दिवस त्याने व्रत पाळले. वैदेहीने अबोला धरला, तरी उपासाचे पदार्थ मात्र ती वेळच्या वेळी त्याच्यापुढे ठेवी. आठव्या दिवशी चंडिकेच्या सभामंडपात गाव जमला. संस्थेचे व्यवस्थापक सावंत बोटीवरचा दिवा काढून घेऊन आले होते. तो देवीसमोरच्या खांबाला बांधला. गुरवाने गाऱ्हाणे घातले, भूषणने पायरीवर हात टेकला आणि तोंड उघडण्यापूर्वीच दिवा तांबडा झाला. इतका तेजस्वी तो बोटीवरही कधी झाला नव्हता.

भूषण पायरीवरून उठू लागला, तो झोकांडी जाऊन खाली बसला. वैदेही बायकांच्या रांगेतून उठली आणि चपला घालून थेट धक्क्याच्या दिशेने चालू लागली.

मला त्या रात्री राहून राहून एकाच गोष्टीचे आश्चर्य वाटत होते. ज्याला फसवायचे आहे, तो माणूस आपण होऊन सर्वांत मोठ्या दिव्यासमोर कशासाठी उभा राहील? दुसऱ्या दिवशी मी माझी जुनी विद्यार्थिनी डॉक्टर मृण्मयी कानडे हिला फोन केला. ती पुण्यात यकृताच्या संप्रेरकांवरच संशोधन करते. भूषणच्या संमतीने त्याच्या साक्षीच्या नोंदी तिला पाठविल्या, आणि तासाभरात तिचाच उलट फोन आला.

"सर, या माणसाला कुठेही जाऊ देऊ नका. मी निघालेय."

ती आली ती वाटेत जेवायलाही न थांबता. माझ्या पडवीत तिने पडद्यावर दोन रेषा उमटविल्या. तिचे डोळे चमकत होते. शाळेत एखादा अवघड अन्वय लागला की ती अशीच दिसे.

"ही पिणाऱ्या माणसाची रेषा. कड्यासारखी चढते आणि उतरते, कारण पेला एकदम पोटात जातो. आणि ही भूषणदादांची. बघा ना, भरतीसारखी आहे. हळूहळू चढते, तासन् तास टिकते. यांना असं प्यायचं असेल, तर दिवसभर चमच्याचमच्याने प्यावं लागेल." मग ती भूषणकडे वळली. "दादा, पायावर एवढा मोठा व्रण कशाचा?"

"कालवं काढताना शिंप लागली. उन्हाळ्यात. चिघळली होती. तीन महिने गोळ्या खाल्ल्या."

"प्रतिजैविकं?"

"होय, भारीतली."

"त्यानंतर तहान फार लागते? गोड नको वाटतं?"

भूषण चकित झाला. "घागरभर पाणी पितो. आणि गोड म्हणाल, तर उपासाची खीर तेवढी व्रत म्हणून गिळतो. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या यकृतानं," ती हसून म्हणाली. "आणखी एकच विचारते. उपासाला काय खाता?"

"आता उपासाला काय खाणार? साबुदाण्याची खिचडी, रताळी, केळी, गुळाची खीर. इतर दिवसांपेक्षा वैदेही चार घास जास्तच वाढते, अशक्तपणा येऊ नये म्हणून."

मृण्मयीने पडद्यावर हात ठेवला. नंतर जे तिने सांगितले, ते ऐकताना मला आसनावर बसवेना.

आपल्या आतड्यांत कोट्यवधी सूक्ष्मजीव नांदतात. त्यांत थोडे यीस्टही असते, परंतु बाकीचे त्याला डोके वर काढू देत नाहीत. दीर्घकाळच्या प्रतिजैविकांनी ते बाकीचे मरून गेले, तर यीस्टला मोकळे रान मिळते. मग माणसाने खाल्लेला पिष्टमय आणि गोड घास आतड्यातच आंबू लागतो, जसे पीठ आंबते, जशी माडी आंबते. आणि त्यातून मद्यार्क निर्माण होतो. तो यकृतात उतरतो, यकृत इमानाने निरोप धाडते आणि दिवा तांबडा होतो. असे रुग्ण क्वचित आढळतात, पण आढळतात. आपला उपास म्हणजे साबुदाणा, रताळे, केळे, गूळ. ज्या अन्नाने भूषण शुद्ध होऊ पाहत होता, त्याच अन्नाने त्याच्या पोटात मद्य तयार होत होते; जितके व्रत कडक, तितका दिवा तेजस्वी.

"म्हणजे साक्षी खोटे बोलली नाही," मी म्हणालो.

"एक अक्षरही नाही, सर. ती म्हणाली, मद्य आले. 'हा प्यायला' हे आपण म्हणालो."

भूषण भिंतीला टेकून बसला होता. त्याचा चेहरा उजळला आणि लगेच मावळला. "हे वैदेहीला कोण पटवणार? ती म्हणेल, पुण्याची डॉक्टर आणून नवी शपथ घेतली."

"मग शपथ नकोच," मृण्मयी म्हणाली. "प्रयोग करू. सगळ्यांसमोर, त्याच देवळात. एक दिवस पिष्ट बंद ठेवू, साक्षी हिरवी होईल. मग तिच्या डोळ्यांदेखत खायला देऊ आणि वाट पाहू."

वैदेहीला आणायला मी स्वतः आगरवाडीला गेलो. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले. तिला ते पटल्याचे मला दिसले नाही.

"येते," ती शेवटी म्हणाली. "पण स्वयंपाक मी करणार. पाणीसुद्धा माझ्या हातचं. आणि आदल्या दिवसापासून गुरुजी, तुम्ही त्यांच्या उशाशी बसायचं."

मी बसलो. त्या दिवशी भूषणने केवळ उकडलेली अंडी आणि मासळी खाल्ली, आणि सकाळी सभामंडपात खांबावरचा दिवा स्वच्छ हिरवा होता. त्याला मधोमध पाटावर बसविले. सावंतांनी त्याचे खिसे, कपडे, सारे पाहिले. वैदेहीने देवळाच्या आवारातच चूल मांडून साबुदाण्याची गुळाची खीर शिजविली, रताळी उकडली आणि केळी सोलली. तिने पान त्याच्यापुढे ठेवले. तो नाइलाजाने एकेक घास गिळत होता आणि ती समोर बसून त्याच्या प्रत्येक घासाकडे पाहत होती.

मंडपात केवढी विलक्षण स्थिती होती. आठवड्यापूर्वी जो दिवा तांबडा होऊ नये म्हणून ही माणसे श्वास रोखून बसली होती, तोच आज तांबडा व्हावा म्हणून बसली होती. मृण्मयी वरचेवर भूषणच्या बोटातून रक्ताचा थेंब घेई, त्याला फुंकायला लावी आणि आकडे मोठ्याने वाची. दुपारपर्यंत दिसू लागेल, असे तिने सांगितले होते.

दुपार झाली. दिवा हिरवाच.

"साबुदाणा कच्चा राहिला असेल," मासळी विकणाऱ्या पारूमावशी म्हणाल्या. "वैदेहीनं रागात शिजवलाय."

कोणी हसले, कोणी उठून जाऊ लागले. सावंतांनी घड्याळ पाहिले. मृण्मयी पुन्हा पुन्हा पडद्यावर वाकत होती; तिचा चेहरा उतरला नव्हता, पण तिने बोलणे थांबविले होते. भूषणने तिच्याकडे पाहिले, मग दिव्याकडे, आणि त्याने पाटावर हात टेकले.

"पुरे झालं, ताई," तो म्हणाला. "माझी शोभा किती करायची? मी जातो."

"बसा," वैदेही म्हणाली.

सर्वांनी तिच्याकडे पाहिले. ती उठली आणि त्याच्या पाटाशेजारी जमिनीवर येऊन बसली.

"माझ्या बापानं किती शपथा घेतल्या, मोजल्या नाय मी," ती म्हणाली. ती बोलत होती त्याच्याशीच, पण मंडप इतका शांत झाला होता की शब्द सर्वांना ऐकू गेले. "पण आईनं एकदा त्याला म्हटलं, शपथ नको, आज दिवसभर माझ्या डोळ्यासमोर बस. नाय बसला. कधीच नाय. काहीतरी निमित्त काढून उठायचाच. तुम्ही सकाळपासून बसलात. आठवड्यामागं पण आपण होऊन येऊन उभे राहिलात, आणि मी तुमच्याकडे न बघता दिव्याकडे बघत बसले." तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. "दिवा काय व्हायचा तो होऊ दे. संध्याकाळी मी तुमच्याबरोबर घरी येणार हाय."

भूषणने हात लांब करून पाण्याचा तांब्या उचलला आणि तो एका दमात रिता केला. तांब्या खाली ठेवून लगेच म्हणाला, "अजून पाणी दे गो."

मृण्मयीची मान झटकन वर झाली. "तहान? आत्ता लागली?"

"मघापासूनच. घसा सुकलाय."

"सर," ती मला म्हणाली, "निरोप निघाला."

तिने रक्ताचा थेंब घेतला. आकडा वाचला. पुन्हा घेतला. खांबावरचा दिवा हिरव्याचा पिवळट झाला. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या, मुलांना लोकांनी खांद्यांवर घेतले. भूषणने नळीत फुंकर मारली; मृण्मयीने तो आकडा वाचला, आणि सावंतांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी चष्मा पुसला. पिवळा गडद झाला, नारिंगी झाला. मला काय वाटत होते, ते मी शब्दांत कसे सांगू? एका मनुष्याच्या अंतर्यामी, जेथे कोणाची दृष्टी पोचत नाही, तेथे चाललेले कार्य आम्ही सारे जण एका खांबावर पाहत होतो. खीर, रताळे, केळे, त्यांचे मद्य, त्या मद्याला अडवून धरणारे यकृत, आणि त्या यकृताची निरलस हाक, पुरे, पाणी पी. मग दिवा तांबडा झाला.

गुरवाने कोणी न सांगता घंटा वाजविली. मंडपात एकच गलका उठला.

"साबुदाणा खाऊन चढते होय," पारूमावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आमच्या घोवानं उगाच जन्मभर गुत्त्यावर खेपा घातल्या."

त्या गलक्यात वैदेहीने दिव्याकडे एकदाही मान वळविली नाही. ती भूषणपुढले उरलेल्या खिरीचे पातेले उचलून बाजूला ठेवीत होती. "हे उष्टं कुणी खाऊ नका," ती म्हणाली. "आणि उद्यापासून यांना भातसुद्धा नाय. कोकणातला माणूस भाताशिवाय कसा जगवायचा, ते डॉक्टरीणबाई आता मला समजावून सांगा."

मृण्मयीने समजाविले. यीस्ट मारण्याचे औषध, भात, साबुदाणा आणि गूळ काही महिने वर्ज्य, मग आतड्यांतले हितकर सूक्ष्मजीव पुन्हा वसविण्याचे उपचार. पुण्याला परतल्यावर तिने साक्षीच्या गणितात दुरुस्ती सुचविली: रेषा कड्यासारखी आहे की भरतीसारखी, हे पाहिल्याविना इथून पुढे कोणाचे सुकाणू काढून घेऊ नये. ती दुरुस्ती मान्य झाली, तेव्हा तिने मला फोनवर सांगितले की दूरच्या दोन बसचालकांना नोकरी त्यामुळे परत मिळाली.

एक अडचण मात्र तिच्या विद्येच्या बाहेरची होती. सोमवारचे व्रत मोडायचे कसे? त्यासाठी वैदेहीने देवीला कौल लावला. गुरवाने पाकळ्या चिकटविल्या आणि गाऱ्हाणे घातले, की बाय माझे, या लेकराचा उपास तूच सोडव, त्याचं पोट त्याला सोसत नाय. उजवी पाकळी, म्हणजे देवीचा होकार, पडायला क्षणही लागला नाही.

हिवाळ्यात भूषण सुकाणूवर परतला. त्या दिवशीही सोमवार होता. दुपारच्या फेरीला मी पुढच्या बाकावर होतो. खोलीवरचा दिवा लागला तशा सगळ्यांच्या माना सवयीने वर झाल्या. वैदेही धक्क्यावरून लगबगीने आली, फळी ओलांडून सरळ सुकाणूपाशी गेली आणि तिने तेथे डबा ठेवला. झाकण किलकिले होते. तळलेल्या बांगड्याचा वास सगळ्या बोटीवर पसरला.

"सोमवारी बांगडा, सारंगानू?" मागून कोणी ओरडले.

"देवीनं वाढलाय," भूषण म्हणाला, आणि त्याने इंजिन सुरू केले.

दिवा कोणत्या रंगाचा आहे, हे साऱ्या बोटीने पाहिले होते. वैदेहीने पाहिले नाही. ती त्याच्याशेजारी पलीकडच्या तीराकडे तोंड करून उभी होती.